कागदावर उमटणारे आजारपण

गोव्यातल्या कोणत्याही मराठी दैनिकाचे पुण्यस्मरणाचे पान उघडले, तर त्यावरचे चेहरे बहुधा निरोगी दिसतात. कुणी लग्नातल्या कोटात असतो, कुणी नातवाच्या बारशाला नेसलेल्या साडीत, तर कुणाचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो मोठा करून वापरलेला असतो. शेवटच्या दोन-तीन वर्षांत ती व्यक्ती कशी दिसत होती हे घरच्यांना ठाऊक असते, पण तो चेहरा छापायचा नाही यावर न बोलता एकमत होते, आणि त्यात गैर काही नाही. ख्रिस्ती कुटुंबांच्या जुन्या आल्बममध्ये शवपेटीभोवती उभ्या राहिलेल्या आप्तांचा फोटो सापडतो. म्हणजे मृत्यूचा फोटो तिथे वर्ज्य नाही, पण मधला काळ, आजारपणाचा, तिथेही गाळलेलाच असतो. त्या काळातली चित्रे असतात ती दवाखान्याच्या फायलीत: एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन. ती फुप्फुसाची, मणक्याची किंवा गाठीची असतात, आणि ज्याच्या शरीराची ती असतात त्याला त्याबद्दल स्वतःचे काही म्हणायचे असेल, असे कुणी धरून चालत नाही.

या दोन प्रकारच्या चित्रांमध्ये जी मोकळी जागा राहते, तिथे जगभरातल्या काही छायाचित्रकारांनी, विशेषतः गेल्या चाळीसेक वर्षांत, वेगळेच काम केले आहे. त्यांतले कित्येक स्वतः आजारी होते, काहींचे जवळचे माणूस आजारी होते. त्यांच्या फोटोंत रुग्ण कॅमेऱ्यापुढे बसलेला दिसेलच असे नाही. कागद, फिल्म आणि रसायने त्यांनी अशा रीतीने हाताळली, की शरीराचे जे झाले त्यातले काहीतरी चित्राचेही व्हावे. म्हणून हे फोटो डागाळलेले, विरलेले, अर्धे काळे किंवा एकावर एक चढलेले असतात, आणि प्रदर्शनात त्यांच्यापुढे उभा राहिलेला माणूस ‘हे बिघडलेले फोटो इथे कशाला लावले?’ असे विचारतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देता येण्यासाठी फोटो मुळात बनतो कसा, तिथून सुरुवात करावी लागते.

मोबाईलने ही सगळी प्रक्रिया आपल्या नजरेआड केली असली, तरी फोटोसाठी तीनच गोष्टी लागतात: प्रकाश, प्रकाशाने बदलणारा एखादा पृष्ठभाग, आणि तो बदल हवा तिथे थांबवण्याची युक्ती. नेहमीचा छायाचित्रकार या तिन्ही गोष्टी मुकाट्याने नीट पार पडाव्यात याची काळजी घेतो, तर प्रयोगशील छायाचित्रकार त्यांपैकी एखादीत मुद्दाम हात घालतो. तो भिंग काढून टाकतो, चांदीच्या क्षारांऐवजी फुलांचा रस वापरतो, किंवा बदल थांबवतच नाही. यातली तिसरी गोष्ट, म्हणजे थांबवणे, सर्वांत उशिरा साधली. इंग्लंडमधल्या थॉमस वेजवूडने १८०२ साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या साथीने प्रसिद्ध केलेल्या टिपणात, सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर आणि कातड्यावर पानांच्या व किड्यांच्या पंखांच्या सावल्या कशा उमटवल्या ते सांगितले आहे. पण त्या टिकवायच्या कशा हे त्या दोघांना उमगले नाही. उजेडात नेले की सगळा कागद काळा पडे, त्यामुळे ती चित्रे मेणबत्तीच्या मिणमिणत्या प्रकाशातच पाहावी लागत. वेजवूड स्वतः जन्मभर आजारी असे आणि १८०५ साली, वयाच्या ३४व्या वर्षी तो वारला. छायाचित्रणाच्या इतिहासातली ही पहिली पाने आहेत, आणि त्यांत चित्रही टिकले नाही, माणूसही टिकला नाही. पुढे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने हायपोचा, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचा, गुण ओळखला. हे द्रव्य चांदीचे न वापरले गेलेले क्षार विरघळवून टाकते, आणि १८३९ पासून फोटो पक्के होऊ लागले.

इथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. जुन्या डार्करूमचे, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीचे, कपाट आणि दवाखान्याचे कपाट यांत बरीचशी तीच द्रव्ये सापडतात. हायपो सायनाइडच्या विषबाधेवरचा उतारा म्हणून शिरेतून देतात. सिल्व्हर नायट्रेटने डॉक्टर मस किंवा जखमेवर वाढलेले मांस जाळतात, आणि एके काळी नवजात बाळांच्या डोळ्यांत त्याचे थेंब घालत. फिल्मवर चांदीचे कण धरून ठेवणारे जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून निघते, आणि औषधाच्या कॅप्सूलचे कवचही त्याचेच असते. कोलोडियन हा चिकट द्रव १८५१ पासून काचेच्या निगेटिव्हसाठी वापरला जाऊ लागला, पण त्याआधी, १८४०च्या दशकातच, तो जखमेवर पातळ पापुद्रा धरावा म्हणून लावला जात होता. यातले काही योगायोग आहेत, काही साध्या रसायनशास्त्राचे परिणाम. तरीही आजारी छायाचित्रकार जेव्हा या द्रव्यांना हात लावतो, तेव्हा ती त्याच्या ओळखीची असतात, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता एक्स-रेकडे पाहू, कारण आपल्या प्रत्येकाच्या घरी तो आहे. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा म्हापशाच्या आझिलो इस्पितळात एक्स-रे काढताना कॅमेरा कुठे असतो, हा प्रश्न विचारून पाहा. कॅमेरा नसतोच. एका बाजूने किरण सोडले जातात, मध्ये शरीर असते, आणि पलीकडे फिल्म किंवा आजच्या यंत्रांत संवेदक. हाडांतले कॅल्शियम किरण अडवते, म्हणून त्यांच्यामागची फिल्म कोरी राहते आणि उजेडासमोर धरली की पांढरी दिसते. फुप्फुसांतल्या हवेतून किरण सरळ पार जातात, म्हणून तिथे ती काळी होते. भिंगाशिवाय, वस्तू थेट संवेदनशील पृष्ठभागावर ठेवून मिळवलेल्या अशा सावलीच्या चित्राला छायाचित्रणात फोटोग्राम म्हणतात. वेजवूडची पाने फोटोग्रामच होती, आणि १९२०च्या दशकात मान रे व मोहोली-नॉज या कलाकारांनी हीच रीत कलेत नावारूपाला आणली. एक्स-रेचा शोध लावणाऱ्या विल्हेल्म राँटगेनने २२ डिसेंबर १८९५ रोजी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसते. ते पाहून ‘मी माझा मृत्यू पाहिला’ असे ती म्हणाल्याचे सांगितले जाते. आपल्याकडे ‘श्वास रोखा, हलू नका’ एवढे ऐकून आपण बाहेर येतो, लिफाफा डॉक्टरांकडे देतो, आणि पुढे ती फिल्म कपाटामागे जाते किंवा चांदीसाठी भंगारवाल्याकडे. ग्रहणाच्या दिवशी मुले तीच डोळ्यांसमोर धरून सूर्य पाहतात, जे डोळ्यांसाठी अतिशय धोक्याचे आहे.

मार्क मॉरिसरो या अमेरिकन छायाचित्रकाराने ही फिल्म कपाटामागे जाऊ दिली नाही. त्याचा जन्म १९५९चा. तरुणपणी लागलेली एक गोळी त्याच्या पाठीच्या कण्याजवळ कायमची राहिली होती, आणि नंतर त्याला एड्स झाला. अखेरच्या काळात इस्पितळात असताना त्याने तिथल्या न्हाणीघराची तात्पुरती डार्करूम केली, आणि स्वतःचे एक्स-रे निगेटिव्हसारखे वापरून त्यांतून रंगीत प्रिंट काढले. तांत्रिकदृष्ट्या यात कठीण काही नाही: एक्स-रेची फिल्म फोटोच्या कागदावर ठेवायची, वरून उजेड टाकायचा, कागद रसायनात बुडवायचा. पण या कृतीत मालकी बदलते. जे चित्र डॉक्टरने निदानासाठी काढले, त्यात आता रंग कोणता, उजेड किती, काय गडद आणि काय फिके, हे रुग्ण ठरवतो. १९८९ साली, तिशीतच, मॉरिसरो गेला.

तेच १९८९ साल गोव्याच्या आठवणीतही आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत पर्रा येथील डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतर एचआयव्ही आढळल्यावर, पोलीस घेऊन गेले आणि कायद्याच्या आधारे म्हापशातल्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे डांबून ठेवले गेले. सुटकेनंतर त्यांनी रुग्णांच्या हक्कांसाठी काम केले, ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. डिसोझा छायाचित्रकार नव्हते. तरीही त्यांचा उल्लेख इथे केला, कारण आजारी माणसाकडे कुणी पाहायचे आणि त्याची प्रतिमा कुणाच्या हाती असायची, हा प्रश्न आपल्या गावापासून दूर कुठे तरी घडलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८८ साली छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी काढलेले एड्सच्या रुग्णांचे फोटो मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये लागले, तेव्हा कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन निदर्शने केली. फोटो वाईट होते असे त्यांचे म्हणणे नव्हते. रुग्ण म्हणजे फक्त हळूहळू मरत असलेला देह, अशी त्यांची मांडणी होते, याला विरोध होता.

हा विरोध कॅमेऱ्यानेच करून दाखवणारी सर्वांत महत्त्वाची व्यक्ती, माझ्या मते, जो स्पेन्स. लंडनमध्ये १९३४ साली जन्मलेल्या या बाईंनी बरीच वर्षे स्टुडिओत लोकांचे फोटो काढले होते, लग्नाचे, कुटुंबाचे, सगळे हसरे. १९८२ साली त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. इस्पितळात त्या कॅमेरा घेऊन गेल्या, आणि खाटेवरून त्यांना जे दिसत होते ते त्यांनी टिपले, म्हणजे आपल्याकडे चालत येणारा डॉक्टरांचा घोळका. वॉर्डातल्या राउंडचे फोटो पूर्वीही निघाले असतील, पण ते उभ्या माणसाच्या उंचीवरून. उशीवर टेकलेल्या डोक्याच्या उंचीवरून तोच घोळका पाहिला की त्याचा अर्थ वेगळा होतो. शस्त्रक्रियेपूर्वीचा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात त्यांच्या डाव्या स्तनावर पेनाने ‘ही जो स्पेन्सची मालमत्ता?’ अशा अर्थाचे वाक्य लिहिलेले आहे, शेवटी प्रश्नचिन्हासकट. ते प्रश्नचिन्ह नसते तर ती घोषणा झाली असती. आपले शरीर आपलेच आहे असे त्या ठणकावत नाहीत. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ते किती आपले राहते, असे विचारतात. उपचारांबाबत पुढे त्यांनी जे निर्णय घेतले ते त्यांचे होते, आणि त्यांतून कुणी वैद्यकीय सल्ला घेऊ नये.

रोझी मार्टिन या छायाचित्रकाराबरोबर १९८४ पासून स्पेन्स यांनी जी रीत विकसित केली, तिला त्या फोटो-थेरपी म्हणत. दोघींपैकी एक कॅमेऱ्यापुढे बसे आणि वेश पालटून आयुष्यातला एखादा प्रसंग पुन्हा साकारे. दुसरी फोटो काढी. मग भूमिका बदलत. यात नेमके काय साधते, असे विचारले तर उत्तर असे, की दवाखान्यात रुग्णाला एकच भूमिका दिलेली असते, तर इथे तो रुग्णही होतो, डॉक्टरही, आपली आईही, आणि ते सगळे फोटो समोर मांडल्यावर आपण कुठल्या भूमिकेत अवघडलो होतो ते दिसू लागते. पुढे स्पेन्स यांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला. शेवटच्या मालिकेच्या वेळी नव्याने फोटो काढण्याइतकी ताकद राहिली नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःच्या जुन्या स्लाइड काढल्या आणि एका स्लाइडवर दुसरी ठेवून नवी चित्रे केली. अशा दोन पारदर्शक स्लाइड एकत्र धरल्या की दोन्ही चित्रांतले गडद भाग एकमेकांत मिसळतात आणि जिथे दोन्हीकडे उजेड आहे तेवढेच उजळ राहते. त्यामुळे जुन्या फोटोतली धडधाकट बाई भेगाळलेल्या, झिजलेल्या पृष्ठभागांत हळूहळू जिरत चालल्यासारखी दिसते. १९९२ साली त्या वारल्या. अशक्तपणामुळे आलेली मर्यादा इथे थेट पद्धत बनली आहे.

जपानचे नोबुयोशी अराकी यांचे उदाहरण त्याहून सरळ आहे आणि म्हणून समजायला सोपे. २०१३ साली त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढच्या वर्षीच्या मालिकेत त्यांनी प्रत्येक फिल्मचा उजवा भाग काळ्या मार्करने रंगवून टाकला आणि तशीच ती छापली. डावीकडे रस्ता, फुले, माणसे, उजवीकडे काळे. आंधळेपणाचे वर्णन करणारे शंभर फोटो काढूनही जे पोहोचले नसते, ते एका मार्करने पोहोचते. अराकी यांच्या इतर कामाबद्दल, विशेषतः त्यातल्या स्त्रियांच्या चित्रणाबद्दल, तीव्र मतभेद आहेत, आणि ते योग्यच आहेत. ही मालिका मात्र त्या वादात हरवू नये.

दृष्टी गेलेल्या आणखी एका छायाचित्रकाराने अगदी उलट मार्ग धरला. अमेरिकेच्या जॉन ड्युगडेल यांची नजर एड्समुळे होणाऱ्या डोळ्यांच्या संसर्गाने १९९३च्या सुमारास जवळपास पूर्ण गेली. जाहिरातींचे फोटो काढणारा हा माणूस त्यानंतर एकोणिसाव्या शतकातला मोठा लाकडी कॅमेरा आणि सायनोटाईप ही निळी छपाई यांकडे वळला, आणि मदतनिसांच्या डोळ्यांनी काम करू लागला. सायनोटाईप हर्शेलनेच १८४२ साली शोधला. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे मिश्रण कागदाला लावून उन्हात ठेवले, की अतिनील किरणांमुळे त्यातल्या लोहाचे रूप बदलते, आणि प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग तयार होतो. जिथे सावली पडली होती तिथले मिश्रण साध्या पाण्यात धुऊन जाते. डार्करूम लागत नाही, उग्र वासाची रसायने लागत नाहीत, आणि दुबळ्या प्रकृतीच्या माणसाला हे मोठे सोयीचे पडते. वर ज्या कपाटाविषयी बोललो त्यात प्रशियन ब्लूही आहे: अस्थिमज्जेत लोहाचा साठा किती हे पाहण्यासाठी पॅथॉलॉजिस्ट आजही पर्ल्स स्टेन ही रंग देऊन तपासण्याची रीत वापरतात, त्यात काचपट्टीवर उमटतो तो हाच निळा, आणि थॅलियमची विषबाधा झाली तर तोच औषध म्हणून पोटात देतात. रक्ताच्या आजारातून गेलेल्या एखाद्याने आपली चित्रे या रंगात छापली, तर तो रंग त्याने सुंदर दिसतो म्हणून निवडला एवढेच समजून पुढे जाऊ नये.

हर्शेलने त्याच १८४२ साली मांडलेली दुसरी रीत मला अधिक रोचक वाटते. तिचे नाव अँथोटाईप. यात चांदी नाही, लोह नाही. फुलांचा किंवा पानांचा रस कागदाला लावायचा आणि त्यावर वस्तू ठेवून कागद उन्हात सोडायचा. ऊन रंग उडवते, सावलीतला रंग राहतो. जास्वंदीसारख्या फुलाला यासाठी कित्येक दिवस लागतात, हळदीला मात्र तासाभरापासून दिवसभर पुरते. पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात वाळवला की जातो, हे घरोघरी माहीत आहे. अँथोटाईप याच गुणावर चालतो. करून पाहायचे असेल तर हळदपूड स्पिरिटमध्ये कालवून गाळून घ्यावी, जाडसर कागदाला कापसाच्या बोळ्याने लावावी, आणि अंधाऱ्या खोलीत वाळवावी. वर पान ठेवून काच दाबावी आणि गोव्याच्या एप्रिलमधल्या उन्हात अंगणात ठेवावे. उघडा भाग फिका पडला की टाकणखाराच्या पाण्याचा हात फिरवावा. उरलेला पिवळा रंग क्षारामुळे एकदम तांबूस तपकिरी होतो. हळदीत चुना पडला की कुंकवासारखा लाल येतो, त्यातले रसायनशास्त्र हेच. पावसाळ्यात या फंदात पडू नये, मळभात काही होत नाही.

अँथोटाईप पक्का करण्याचा उपाय नाही. तो तयार झाल्यावरही उजेडात विटत राहतो, म्हणून वहीत किंवा पेटीत ठेवावा लागतो, आणि कुणाला दाखवायचा तर दाखवण्यानेच थोडा झिजतो. मरणाविषयी बोलू पाहणाऱ्या कलाकाराला दुसरे काय हवे? त्याने आपल्या आजीचा चेहरा, तिने लावलेल्या झाडाच्या रसात, असा छापला, तर पाहणाऱ्यालाही काही ठरवावे लागते: किती वेळ पाहायचे. बिन डान या व्हिएतनामी-अमेरिकन कलाकाराने याच्याच जवळची रीत वापरून, झाडाच्या हिरव्या पानांवरच, व्हिएतनाम युद्धात बळी पडलेल्यांचे चेहरे सूर्यप्रकाशाने उमटवले आहेत. ती पाने मात्र तो पारदर्शक राळेत बंद करून टिकवतो. टिकवावे की जाऊ द्यावे, याचे एकच उत्तर नाही.

गोव्यात राहणाऱ्याला आणखी एक प्रयोग आपसूक भेटतो, तो म्हणजे बुरशी. मृग लागला की लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उमटतात आणि जुन्या निगेटिव्हवर ठिपके पडतात, कारण जिलेटिन हे बुरशीला उत्तम खाद्य आहे. आपण सिलिका जेलच्या पुड्या घालून तिच्याशी भांडत असतो. कोरियाच्या सुंग-ह्वान ओ या छायाचित्रकाराने तिला बोलावूनच घेतले. माणसांचे फोटो काढून झाल्यावर तो फिल्मवर सूक्ष्मजीव वाढू देतो, आणि ते थर खात गेले की चेहरे रंगीत डागांत विरघळतात. ब्रिटनच्या हेलन चॅडविक यांनी १९८८-८९ मध्ये केलेल्या पाच मोठ्या चित्रांत हाच विचार अधिक सुसंस्कृतपणे येतो: स्वतःच्या शरीरातल्या पेशींची सूक्ष्मदर्शकातून घेतलेली चित्रे त्यांनी वेल्सच्या समुद्रकिनाऱ्याच्या फोटोंवर चढवली. शरीर कुठे संपते आणि बाहेरचे जग कुठे सुरू होते, हे एखाद्या विषाणूला विचारले तर तो जे सांगेल, तसे ते किनारे दिसतात.

इथे एक कबुली नव्हे, तक्रार नोंदवतो. नासणे म्हणजे आपोआप खोल अर्थ, असा समज या क्षेत्रात फोफावला आहे. जुनी फिल्म विकत घ्यायची, ती ओरखडायची, ब्लीचमध्ये बुडवायची आणि खाली ‘नश्वरता’ असे लिहायचे, हे आता कुणीही करतो. चांगले काम ओळखायची खूण ही, की त्यात वापरलेली रीत आणि तो आजार यांचा संबंध बदलता येत नाही. अराकींचा काळा भाग डावीकडे असता तर ते खोटे झाले असते. अमेरिकन छायाचित्रकार सॅली मान यांनी आपल्या पतीचे, स्नायू क्षीण करणाऱ्या आजाराने खंगत गेलेल्या शरीराचे, फोटो ओल्या कोलोडियनच्या काचेवर घेतले. या रीतीत काच ओली असेपर्यंतच सगळे उरकावे लागते आणि काचेला काही सेकंद उजेड द्यावा लागत असल्याने बसणाऱ्याला तेवढा वेळ निश्चल राहावे लागते. द्रव नीट पसरला नाही तर काचेवर ओघळ आणि छिद्रे राहतात. ती २००९ सालच्या त्यांच्या मालिकेत जागोजागी आहेत, त्वचेवर असावीत तशी. हेच फोटो मोबाईलवर काढून त्यांवर ओघळांचा फिल्टर चढवला असता, तर उरले काय असते?

यातून रुग्ण बरा होतो का? नाही. वेदना, भीती आणि वाट पाहणे यांना हाताला काम मिळते, एवढे म्हणता येते, आणि तेही प्रत्येकाच्या बाबतीत नाही. काळजी मात्र सर्वांनी घ्यायची आहे. ओल्या कोलोडियनमध्ये ईथर असते, तो पेट घेतो, आणि जुन्या पुस्तकांत त्या काचा पक्क्या करायला पोटॅशियम सायनाइड सांगितलेले आढळते. घरी याच्या वाटेला जाऊ नये. केमो चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाने बुरशीच्या प्रयोगापासून दूरच राहावे. काही औषधांमुळे त्वचेला ऊन सोसत नाही, तेव्हा सायनोटाईप उन्हात ठेवायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवावे. पोटॅशियम फेरिसायनाइड नावाने घाबरवणारे असले तरी साध्या वापरात फारसे विषारी नाही, पण तीव्र आम्लात मिसळल्यास किंवा तापवल्यास त्यातून विषारी वायू निघू शकतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि स्वयंपाकघरातली भांडी वापरू नयेत.

शिकायला गोव्यात जागा आहे. अशा जुन्या व कॅमेऱ्याविना होणाऱ्या रीती जपणारे गोवा सेंटर फॉर आल्टरनेटिव्ह फोटोग्राफी इथेच सुरू झाले, आणि डिसेंबरातल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात छायाचित्रणाची प्रदर्शने असतात. त्या महोत्सवाची काही दालने पणजीत, मांडवीकाठच्या जुन्या गोमेकॉच्या इमारतीत भरत आली आहेत. ज्या वैद्यकीय शाळेची स्थापना १८४२ साली झाली, म्हणजे हर्शेलच्या दोन्ही निळ्या-पिवळ्या शोधांच्याच वर्षी, तिच्याशी जोडलेल्या इमारतीत आता फोटो टांगले जातात, आणि पूर्वी तिथे वॉर्ड होते हे सांगणारी ज्येष्ठ मंडळी पणजीत अजून भेटतात.

ज्यांना घरीच सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी सर्वांत हाताशी असलेली वस्तू कपाटामागची एक्स-रे फिल्मच आहे. ती सायनोटाईपच्या कागदावर ठेवून काच दाबली आणि उन्हात नेली, की फिल्मवर कोऱ्या असलेल्या हाडांतून सर्वांत जास्त उजेड जातो. त्यामुळे कागदावर हाडे गडद निळी आणि भोवतालचे सगळे फिके येते, म्हणजे आपण डॉक्टरांकडे पाहिलेल्या चित्राच्या बरोबर उलटे. फिल्म दाट असल्याने नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ऊन द्यावे लागते, आणि पहिल्या कागदाच्या कडेच्या पट्ट्या कापून वेगवेगळ्या वेळा तपासून घेणे चांगले. फिल्मच्या कोपऱ्यात नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांक असतो, आणि तोही कागदावर छापला जातो. फिल्म स्वतःची असेल तर तो ठेवायचा की काळ्या पट्टीने झाकायचा हे आपण ठरवावे. दुसऱ्याची असेल तर कागद उन्हात नेण्यापूर्वी त्याला विचारावे, आणि तो हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना.